मोठ्या राउटरच्या आत काय काय असतं? (जुना एमएक्स ४८० खोलला, त्यानिमित्ताने)

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्याच एका लोकल आयएसपीत (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत) नेटवर्कचं काम बघते. आमच्याकडचा जुनिपर कंपनीचा एमएक्स ४८० राउटर आता रिटायर झालाय, लोड नव्या बॉक्सवर गेलाय, त्यामुळे जुना टेबलावर घेऊन निवांत खोलता आला. मागे इथंच कुणीतरी लिहिलेलं की मोठा राउटर म्हणजे शेवटी एक तगडा कॉम्प्युटरच, आणि त्याला चार ओळीत उत्तर देता येईना म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की ते एक मशीन नाहीच, दोन आहेत. एक रस्ते ठरवतं आणि दुसरं पॅकेट पळवतं. आत जे काही दिसतं ते सगळं या वाटणीमुळे तसं आहे, ही वाटणी लक्षात आली की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

चेसिस ८ यू, म्हणजे रॅकमध्ये १४ इंच उंची. समोरून आठ आडवे स्लॉट, खालचे दोन स्विच कंट्रोल बोर्डचे (सगळे एससीबी म्हणतात) आणि वरचे सहा लाइन कार्डचे, म्हणजे ज्यांवर बाहेरच्या केबलींचे पोर्ट असतात त्या कार्डांचे. मागच्या बाजूला चार पॉवर सप्लाय आणि उभा बसणारा फॅन ट्रे. केबल नावाची गोष्ट आत जवळजवळ नाहीच! सगळी कार्डं मधल्या एका उभ्या जाड बोर्डात जाऊन घुसतात, त्याला मिडप्लेन म्हणतात.

एससीबीच्या आतच अजून एक छोटं कार्ड सरकवलेलं असतं, ते राउटिंग इंजिन. हा मात्र खरोखर कॉम्प्युटर आहे, आमच्यात चार कोअरचा इंटेल प्रोसेसर, रॅम, कॉम्पॅक्ट फ्लॅश आणि एसएसडी, त्यावर जूनॉस, जे मुळात फ्रीबीएसडीवर उभं आहे. बीजीपी, ओएसपीएफ (दुसऱ्या राउटरशी बोलून रस्त्यांची माहिती घेणारे प्रोटोकॉल), आपण टाइप करतो त्या कमांड, सगळं इथं चालतं. पण तुमच्या घरातून यूट्यूबकडे जाणारं पॅकेट या प्रोसेसरला कधी भेटतच नाही, ते लाइन कार्डवरून आत येतं, तिथल्याच चिपवर त्याचा रस्ता ठरतो, फॅब्रिकमधून (कार्डांना आपसात जोडणारा आतला स्विच) दुसऱ्या लाइन कार्डवर जातं आणि बाहेर पडतं. राउटिंग इंजिन फक्त रस्त्यांचा तक्ता तयार करतं आणि त्याची कॉपी प्रत्येक लाइन कार्डवर ढकलून ठेवतं. ही कॉपी ढकलायला एससीबीवर एक छोटा इथरनेट स्विच वेगळाच दिलाय, म्हणजे दोन मशिनमधलं बोलणंसुद्धा ट्रॅफिकच्या रस्त्यावरून जात नाही.

ही वाटणी व्यवस्थित हार्डवेअरमध्ये उतरवून बाजारात आणलेला गाजलेला राउटर म्हणजे १९९८ चा जुनिपरचाच एम४०. त्यात पॅकेटचा रस्ता शोधायला खास एएसआयसी, म्हणजे त्या एकाच कामासाठी बनवलेली चिप होती. विचारा काय विचारायचं ते, बॉक्स अजून टेबलावरच आहे.

थर्ड_इयर_ईअँडटीसी
ताई एक नंबर धागा. बेसिक प्रश्न आहे, रागवू नका. आमच्या लॅबमध्ये लिनक्सच्या पीसीला दोन नेटवर्क कार्ड लावून राउटर केलाय आणि तो चालतो. मग सर्व्हरला आठ-दहा कार्डं लावून हेच काम का नाही होणार? एवढी स्पेशल चिप कशाला?

रंकाळाकाठची
रागवायचं काय त्यात, हाच प्रश्न पहिला यायला पाहिजे. गणित करूनच बघूया.

सगळ्यात छोटी इथरनेट फ्रेम ६४ बाइटची. तारेवर तिच्या पुढेमागे अजून २० बाइट जातात, प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून. झाले ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. १० गिगाबिटच्या एका पोर्टवर अशा फ्रेम सलग आल्या तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार. एका पॅकेटच्या वाट्याला आले ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे साधारण २०० क्लॉक. तेवढ्यात त्याने पॅकेट घ्यायचं, रस्ता शोधायचा, टीटीएल (अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) एकने कमी करायचा, चेकसम दुरुस्त करायचा, नवा मॅक अॅड्रेस लावायचा आणि सोडून द्यायचं. प्रोसेसरच्या कॅशमध्ये माहिती नसली आणि मेन मेमरीत जावं लागलं की एका फेरीतच हा सगळा वेळ संपतो. १०० गिगाबिटच्या पोर्टला तर ६.७२ नॅनोसेकंदच मिळतात, आणि असे पोर्ट एका चेसिसमध्ये डझनांनी.

आता हे पण खरं की सॉफ्टवेअरवाले गप्प बसलेले नाहीत. डीपीडीकेसारख्या लायब्ररीने पॅकेट थवाथवाने उचलतात, कर्नलला बाजूला ठेवतात, काम अनेक कोअरवर वाटतात, आणि काही १० गिगाबिट पोर्ट एका चांगल्या सर्व्हरवर आरामात चालतात. छोट्या आयएसपीला मी आज तोच सल्ला देईन. पण सगळे पोर्ट एकाच वेळी फुल, वर फिल्टर, क्यूओएस (कुठलं ट्रॅफिक आधी सोडायचं ते), काउंटर, आणि तरी उशीर ठरलेल्या मर्यादेत, असं पाहिजे असेल तर चिप लागतेच.

थर्ड_इयर_ईअँडटीसी
समजलं. पण रस्ता शोधणं एवढं अवघड का? तक्ता आहे, त्यात अॅड्रेस बघायचा, झालं की.

रंकाळाकाठची
तक्त्यात नुसता अॅड्रेस नसतो रे, अॅड्रेसचा सुरुवातीचा तुकडा असतो, आणि एकाच अॅड्रेसला तीन-चार तुकडे लागू पडू शकतात. कुणाचा १६ बिटांचा जुळतो, कुणाचा २२ चा, कुणाचा २४ चा. त्यातला सगळ्यात लांब जुळणारा शोधायचा असा नियम. आणि इंटरनेटच्या पूर्ण तक्त्यात आयपीव्ही४ च्याच नऊ लाखांच्या वर ओळी आहेत.

यावर एक उपाय टीकॅम. साध्या मेमरीला आपण जागा सांगतो आणि ती तिथला डेटा देते, टीकॅमला डेटा सांगायचा आणि ती जागा देते. प्रत्येक बिट शून्य, एक किंवा ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्थांत ठेवता येतो, आणि सगळ्या ओळी एकदमच तपासल्या जातात, शोधाशोध नाहीच. पण सगळ्याच ओळी एकदम काम करतात म्हणून ती प्रचंड तापते, साध्या एसरॅमच्या मानाने एका बिटाला ट्रान्झिस्टरही दुपटीहून जास्त लागतात, आणि महाग. म्हणून कितीतरी चिपमध्ये रस्त्यांसाठी टीकॅम न वापरता झाडासारख्या रचनेत तक्ता ठेवतात आणि पायरीपायरीने खाली उतरतात. टीकॅम मग फिल्टरसाठी वगैरे.

टीकॅमची जागा ठरलेली असते, ते लक्षात ठेव. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटचा तक्ता काही काळ ५१२ के ओळींच्या वर गेला (५१२ के म्हणजे ५,२४,२८८), आणि जगभर ज्या ज्या जुन्या राउटरमध्ये आयपीव्ही४ साठी तेवढीच जागा आखून दिलेली होती ते ढेपाळले. काहींनी उरलेलं ट्रॅफिक प्रोसेसरवर टाकलं आणि प्रोसेसरचं काय होतं ते वरच्या गणितात आहेच. राउटर सेकंडहँड घेताना लोक पोर्ट मोजतात, त्याआधी तक्त्याला जागा किती आहे ते विचारा, कळकळीने सांगतेय.

एक्स्चेंजवाले_काका
छान चर्चा चाललीय. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त, क्रॉसबार एक्स्चेंज चालू असताना पाहिलेला माणूस. तुम्ही फॅब्रिक म्हणता तो आतून क्रॉसबारच असतो ना? आमच्याकडे आडव्या-उभ्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकात खट्कन जुळणारे काँटॅक्ट. पुढे ई-१०बी आलं, ते सगळं डिजिटल, काळाचे खण पाडून स्विचिंग.

रंकाळाकाठची
हो काका, अगदी तोच! फक्त काँटॅक्टच्या जागी ट्रान्झिस्टर आणि जुळणी-मोडणी सेकंदाला लाखो वेळा. आणि मोठ्या राउटरमध्ये एक क्रॉसबार पुरत नाही तेव्हा छोटे छोटे तीन टप्प्यांत जोडतात, ती रचना बेल लॅब्समधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये मांडली ती टेलिफोन एक्स्चेंजसाठीच. सिस्कोने २००४ ला सीआरएस-१ आणला, त्याचं फॅब्रिकही तीन टप्प्यांचं. तो तर नुसत्या फॅब्रिकची वेगळी कपाटं जोडून ७२ लाइन कार्ड चेसिसपर्यंत वाढवता यायचा.

एक फरक मात्र आहे. तुमचा कॉल एकदा जुळला की मिनिटंच्या मिनिटं तसाच. इथं पॅकेट ६४ बाइटचं असेल नाहीतर १५००चं, त्यामुळे जुळणीचं वेळापत्रक बसवता येत नाही. म्हणून लाइन कार्ड पॅकेटचे एकसारख्या मापाचे तुकडे करतं, त्यांना सेल म्हणतात, ते फॅब्रिकमधून जातात आणि पलीकडच्या कार्डवर परत जोडले जातात. एका पॅकेटचे सेल वेगवेगळ्या फॅब्रिकवरून गेले तरी चालतं, त्यामुळे एक फॅब्रिक कार्ड गेलं तर क्षमता कमी होते, बॉक्स बंद पडत नाही.

आणि रांगांची भानगड. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला सरळ जाणारी गाडी पुढे थांबलेली असते आणि तिच्या मागच्याला डावीकडं जायचं असतं, डावा रस्ता मोकळा पण याला निघता येत नाही. फॅब्रिकच्या तोंडाशी एकच रांग ठेवली तर नेमकं हेच होतं. १९८७ मध्ये करोल, ल्यूखी आणि मॉर्गन या तिघांनी गणिताने दाखवलं की पोर्ट भरपूर असतील आणि ट्रॅफिक सगळीकडं सारखं विखुरलेलं असेल तर एकेरी रांगेचा स्विच ५८.६ टक्क्यांच्या वर जातच नाही. निम्म्याच्या जरा वर! उपाय असा की प्रत्येक आउटपुटसाठी आत येणाऱ्या बाजूलाच वेगळी रांग, व्हर्च्युअल आउटपुट क्यू. मेमरी तीच, फक्त हिशेब वेगवेगळा. मला या सगळ्या बॉक्समधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, काही पार्ट न वाढवता जवळपास दुप्पट काम.

स्प्लायसिंगवाला
लाइन कार्डच्या पोर्टात बसतंय त्या एसएफपीबद्दल, म्हंजे फायबर जोडायच्या मॉड्यूलबद्दल पण लिवा की. आमचं सगळं आयुष्य त्याच्यातच चाललंय. गेल्या पावसाळ्यात कसबा बावड्याच्या बाजूला एक लिंक सारखी फ्लॅप (चालू-बंद) व्हायची, सगळे म्हणाले पोर्ट गेला कार्ड बदला, शेवटी बघितलं तर पॅचकॉर्डच्या टोकाला धूळ. पेन क्लीनर मारला, लिंक चालू.

रंकाळाकाठची
दादा बरोबर बोललात. मॉड्यूलच्या आत एक लेसर, एक रिसीव्हर आणि छोटा कंट्रोलर असतो, तो स्वतःचं तापमान आणि लाइटची पातळी राउटरला सांगत असतो. १० गिगाबिटचा एलआर मॉड्यूल १३१० नॅनोमीटरवर १० किलोमीटरचा, त्याच्या रिसीव्हरला साधारण -१४.४ डीबीएमपर्यंत लाइट पुरते. त्याच्या जवळ आकडा आला की कार्ड बदलायच्या आधी टोक साफ करायचं. १०० गिगाबिटच्या एलआर४ मध्ये चार वेगवेगळ्या वेव्हलेंथ एकाच फायबरमध्ये घालतात, चौघांचे आकडे वेगळे दिसतात, एकच खाली असेल तर तो मॉड्यूलचा दोष असण्याची शक्यता जास्त. आणि उघड्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, ही लाइट डोळ्याला दिसत नाही आणि इजा मात्र करते.

उद्यमनगर_टर्निंग
ताई माझं क्षेत्र वेगळं हाय, उद्यमनगरात जॉबवर्क करतो. मला त्या मधल्या मिडप्लेनचं सांगा. एवढी कार्डं काढाय-घालायची, तर पिना सोल्डर केलेल्या हायत का प्रेस मारलेल्या? आणि टॉलरन्स कसा सांभाळत्यात?

रंकाळाकाठची
दादा तुमचा प्रश्न वाचून परत टॉर्च आणि भिंग घेऊन बसले.

सोल्डर नाही, प्रेस मारलेल्याच आहेत. पिनेचा बोर्डात जाणारा भाग मधे फुगीर आणि चिरलेला असतो, भोकाला आतून तांब्याचा मुलामा, पीन दाबली की फुगीर भाग स्प्रिंगसारखा भिंतीला धरून बसतो. एवढ्या जाड, अनेक थरांच्या बोर्डावर हजारो टाके मारायचे तर बोर्ड तापून वाकेल, म्हणून ही पद्धत. जिथं कार्डाशी संपर्क येतो तिथं निकेलवर सोन्याचा पातळ थर.

भिंगातून बघितलं की पिनांची उंची एकसारखी नाही हे दिसतं. काही लांब, बहुतेक मध्यम, थोड्या आखूड. चालू राउटरमध्ये कार्ड घालता यावं म्हणून तसं असतं. लांब पिना पहिल्यांदा लागतात, त्या अर्थ आणि पॉवरच्या, मग सिग्नलच्या, आणि आखूड सगळ्यात शेवटी. आखूड लागल्या म्हणजे कार्ड पूर्ण बसलं असं बोर्डाला कळतं आणि मगच ते पॉवर घेतं. बाजूला जाड गाइड पिना आहेत, त्या आधी कार्डाला सरळ रेषेत आणतात. म्हणजे टॉलरन्स सगळा पत्र्याच्या पिंजऱ्यावर सोडलेला नाही, शेवटचे काही मिलिमीटर गाइड पीन बघते.

आमच्या चेसिसच्या एका स्लॉटमध्ये दोन पिना वाकलेल्या दिसल्या, कधीतरी कुणीतरी कार्ड तिरकं घालून लिव्हर जोरात दाबलेला असणार. तो स्लॉट आमच्याकडे येतानाच बंद होता. मिडप्लेनवर एकही मोठी चिप नसते तरी मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण कार्ड, फॅन, सप्लाय सगळं चालू बॉक्समध्ये बदलता येतं, मिडप्लेन बदलायचा तर अख्खा बॉक्स बंद करून रिकामा करावा लागतो. जुना चेसिस घेताना विकणारा लाइट लागलेला फोटो पाठवतो, त्याला रिकाम्या स्लॉटच्या आतला फोटो मागा.

पुण्यातला_कोल्हापूरकर
इथं डेटा सेंटरमध्ये काम करतो, एक भर टाकतो. नव्या मोठ्या बॉक्समध्ये मिडप्लेन काढूनच टाकलाय. जुनिपरचा पीटीएक्स १०००८, सिस्कोचा ८८०८, यात लाइन कार्डं समोरून आडवी आणि फॅब्रिक कार्डं मागून उभी, दोघांचे कनेक्टर एकमेकांत थेट घुसतात. दोन फायदे. सिग्नलला तांब्यातून कमी अंतर जावं लागतं, एवढ्या स्पीडला बोर्डातला एकेक इंच महाग पडतो. आणि मधली भिंतच नसल्यामुळे हवा समोरून मागे सरळ जाते. काय भारी डिझाइन आहे, समोर उभं राहून बघत बसावं असं.

उद्यमनगर_टर्निंग
नाद खुळा! म्हंजे आडव्या-उभ्याचा प्रत्येक क्रॉस हाच कनेक्टर. मग फ्रेमचं मशिनिंग लई काटेकोर पायजे.

पुण्यातला_कोल्हापूरकर
एकदम बरोबर. शिवाय ते चेसिस जड असतात, हाताने उचलायचे नसतात, लिफ्ट वापरायची असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट असतं.

एक्स्चेंजवाले_काका
पॉवरचं कुणी बोललं नाही अजून. तुमच्या राउटरला -४८ व्होल्ट डीसी का घेता, की एसीवर चालवता?

रंकाळाकाठची
आमचा डीसीवरच होता काका, आणि तो वारसा तुमच्याच खात्याचा. पॉझिटिव्ह अर्थला जोडलेला असतो, कारण जमिनीतल्या तांब्याच्या केबलीला निगेटिव्ह ठेवलं की गंजून झिजणं कमी होतं. बॅटऱ्या थेट लाइनवर, मधे इन्व्हर्टर नाही, लाइट गेली तर बदलाबदलीचा क्षणच येत नाही. पॉवर सप्लाय चार असले तरी एक गेला तर उरलेल्यांवर चालेल असा हिशेब धरायचा, आणि फीड दोन वेगळ्या बॅटरी बँककडून घ्यायचे, नाहीतर चार असून उपयोग नाही.

कोल्हापुरात याचं महत्त्व सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, हायवे बंद, डिझेल मिळेना. त्या दिवसांत बॅटरीवर कुठलं लाइन कार्ड चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं हे ठरवत बसलेलो आम्ही. एकेका कार्डला शेकडो वॅट लागतात, रिकामं कार्ड उगाच पॉवर खात ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी पुण्याकडची फायबर तुटली की राउटिंग इंजिन बेळगावकडून रस्ता काढतं आणि नवा तक्ता कार्डांवर ढकलतं. आणि एक राउटिंग इंजिन बंद पडलं तर दुसरं ताबा घेईपर्यंत लाइन कार्डं जुन्या तक्त्यावर पॅकेट पळवत राहतात, आधी तशी सेटिंग केलेली असली तर.

थर्ड_इयर_ईअँडटीसी
ताई एक विचारायचं राहिलं. ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) मारला की मधला एखादा हॉप, म्हणजे वाटेतला राउटर, ८०-९० मिलिसेकंद दाखवतो आणि पुढचा परत २०. मधला राउटर खराब आहे का?

रंकाळाकाठची
नाही, आणि यामुळे आमच्याकडे रोज तक्रारी येतात म्हणून नीट सांगते. ट्रेसराउटचं पॅकेट टीटीएल संपून मधल्या राउटरवर मरतं, त्याचं उत्तर राउटरला स्वतः तयार करावं लागतं. म्हणजे ते पॅकेट पळवणाऱ्या मशिनचं काम राहत नाही, ते लाइन कार्डवरच्या किंवा राउटिंग इंजिनच्या प्रोसेसरकडे जातं, आणि त्याच्या मागे बीजीपीसारखी महत्त्वाची कामं असतात, शिवाय अशा उत्तरांवर मुद्दाम मर्यादा घातलेली असते. म्हणून ते उशिरा येतं किंवा येतच नाही. पुढचा हॉप २० दाखवतोय म्हणजे त्याच राउटरमधून पलीकडं गेलेलं पॅकेट वेळेत गेलंय. वाढलेला आकडा तिथून शेवटपर्यंत तसाच राहिला तर शंका घ्यायची.

स्प्लायसिंगवाला
आणि धुळीचं? शिरोलीच्या आमच्या एका पॉइंटला फिल्टर काढला तर काळा कुट्ट निघाला, फाउंड्रीची धूळ सगळी.

रंकाळाकाठची
ती धूळ जास्त वाईट, त्यात लोखंडाचे बारीक कण असतात आणि ते वीज वाहतात. पावसाळ्यात दमट हवेत बोर्डावर बसले तर त्रासच. फिल्टर साफ करण्यापेक्षा बदलाच. एमएक्स ४८० मध्ये हवा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघते, त्यामुळे शेजारच्या रॅकची गरम हवा याच्या तोंडात येत नाही ना तेही बघा, भिंतीला चिकटवून तर ठेवूच नका. रिकाम्या स्लॉटला पत्र्याची ब्लँक प्लेट हवीच, नाहीतर हवा सोपा रस्ता धरून तिथूनच पळते आणि शेजारचं कार्ड तापतं. फॅन ट्रे बदलायचा असेल तर नवीन आधी हातात घेऊन मगच जुना ओढा, मधे काही मिनिटांचाच वेळ असतो.

थर्ड_इयर_ईअँडटीसी
हे सगळं बॉक्स न खोलता बघता येतं का? आमच्या लॅबला एक जुना मिळणार आहे म्हणतात.

रंकाळाकाठची
येतं. लॉगिन झाल्यावर पहिल्यांदा ‘शो चेसिस हार्डवेअर’ मार, मिडप्लेनपासून एसएफपीपर्यंत प्रत्येक भाग सिरियल नंबरसकट दिसतो. मग ‘शो चेसिस एन्व्हायर्नमेंट’, त्यात प्रत्येक कार्डचं तापमान आणि फॅनची स्थिती. आणि ‘शो चेसिस अलार्म्स’ मध्ये एकही अलार्म दिसता कामा नये. तिन्हीचं आउटपुट इथं टाक, बघून सांगते त्यातलं काय वापरता येईल. आणि मिळणारा बॉक्स डीसीचा असेल तर आधी कॉलेजकडून रेक्टिफायरची (एसीचं डीसी करणाऱ्या युनिटची) सोय करून घे, नाहीतर एसी सप्लाय वेगळे शोधावे लागतील.